पीओई कॅमेऱ्यासाठी केबल घेताना

सीसीटीव्ही कॅमेऱ्याला वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून द्यायचा असेल (यालाच पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात), तर दरात हवी तेवढी घासाघीस करा, तांब्यात नको. स्वस्त बंडलवर ‘सीसीए’ छापलेलं असेल तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार; ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसते. तिचा रोध जास्त, त्यामुळे लांबवर व्होल्टेज पडतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होत बसतो, आणि शिव्या खातो बिचारा कॅमेरा! शुद्ध तांब्याची ‘कॅट ६’ दर्जाची लॅन केबल घ्या, लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. या केबल जिथे जोडतात त्या पीओई नेटवर्क स्विचचे नुसते पोर्ट मोजू नका, एकूण वॅटही बघा: ८ पोर्टचा पण ६० वॅटचा स्विच प्रत्येक पोर्टला एकाच वेळी साध्या पीओईचे पूर्ण १५.४ वॅट देऊच शकत नाही.