गव्हाचं पहिलं पाणी जवळ आलंय, इंजिनाच्या रिंगा लायनरमध्ये मोजूनच बसवा

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांनी लागतं. मुकुटमुळं (जमिनीलगत खोडाच्या बुडाला येणारी मुळं) त्याच वेळी फुटतात. ते पाणी चुकलं की फुटवे कमी होतात आणि पुढं कितीही युरिया टाकला तरी ती तूट भरत नाही. म्हणून डिझेल इंजिनावर पाणी उपसणाऱ्यांनी पिस्टनवरच्या झिजलेल्या रिंगा (कड्या) बदलायचं काम याच आठवड्यात उरकावं. लायनर म्हणजे ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो ती.

गेल्या रब्बीत आमच्या शिवारात एकानं एकोणिसाव्या दिवशी घाईघाईत नव्या रिंगा टाकल्या. दोन तासांत इंजिन जाम. पिस्टन बाहेर काढला तर वरच्या रिंगेची दोन्ही टोकं एकमेकांवर घासून आरशासारखी चकाकत होती. रिंग गरम होऊन वाढली, तिला जागाच उरली नाही. गव्हाला पाणी मिळालं तिसाव्या दिवशी. रिंग पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवली होती, तिच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, कुणी मोजलाच नव्हता.

रिंगा गेल्याची खूण म्हणजे निळसर धूर, ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सुटायची नळी) भपकारे, ऑइल कमी होणं. माझा हातचा अंदाज असा: डीकॉम्प्रेशन लिव्हर (दाब काढून टाकणारी दांडी) मोकळी सोडून, म्हणजे दाब बनू देऊन, हँडल हळू फिरवा. दाब हाताला जाणवलाच नाही, तर हेड उघडा. मात्र व्हॉल्व्ह गळत असले तरी असंच होतं, तेही बघा.

आता मोजणी. रिंग एकटी लायनरमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकला. लायनर जिथं कमी झिजलाय तिथं, म्हणजे खालच्या बाजूला, टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घाला. इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पहिला. पुस्तक हरवलं असेल तर दर 25 मिमी बोरला (लायनरच्या आतल्या व्यासाला) साधारण 0.1 मिमी, म्हणजे 80 मिमी बोरला 0.32 मिमीच्या आसपास. फट कमी भरली तर टोक बारीक कानशीनं बाहेरून आत एकाच दिशेनं घासा आणि पुन्हा मोजा.

तीच रिंग मग वर आणून मोजा. वरचा आणि खालचा गॅप यांतल्या फरकाला 3.14 नं भागलं की लायनर किती झिजला ते कळतं. वर 0.90 आणि खाली 0.35 आला, तर झीज सुमारे 0.18 मिमी. हा आकडा कागदावर लिहून दुकानात जा. दुकानदार लायनर-पिस्टनचा अख्खा किट गळ्यात मारतो. झीज पुस्तकातल्या मर्यादेत असेल तर नुसत्या रिंगा घ्या. फिलर गेज दोन-तीनशे रुपयांत येतं, गावात एक असलं तरी पुरे. लायनरच्या वरच्या काठाला नख अडलं तर मात्र ती कड आधी काढून घ्या, नाहीतर नवी रिंग तिच्यावर आदळून तुटते.

बाकी बसवणी:
- जुन्या रिंगेच्या तुकड्यानं खाचांतला कार्बन काढा, खाच खरवडू नका.
- ऑइल रिंग आधी, वरची शेवटी. 'टॉप' खूण वर.
- लगतच्या रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेतही नकोत.
- लायनर साबणाच्या पाण्यानं धुवा, पुसा, ऑइल लावा.
- एअर क्लीनर धुवा, त्यातलं ऑइल बदला. धुळीनंच रिंगा जातात.

पहिले आठ-दहा तास पंपाच्या डिलिव्हरीचा (पाणी बाहेर पडायच्या पाइपाचा) व्हॉल्व्ह थोडा दाबून हलक्या लोडवर चालवा, नुसतं रिकामं ठेवू नका. मिस्त्री घाईत असेल, "नवीन आहे, मोजायचं काय" म्हणेल. त्याच्या हातात फिलर गेज द्या आणि शेजारी उभे राहा.