दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडे आणताय? नंबर आणि रोड टॅक्सचं असं करा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, रजिस्ट्रेशनचा कायदा अख्ख्या देशाला एकच आहे पण रोड टॅक्स ज्या त्या राज्याचा. त्यामुळे कर्नाटकात १५ वर्षांचा टॅक्स भरलेली गाडी कायमची महाराष्ट्रात आणली की इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो, आणि तिकडचा उरलेल्या वर्षांचा टॅक्स मागितला तर परत मिळतो. मागितला तर! खूप लोक नवीन नंबर आला की थांबतात आणि हक्काचे पैसे तसेच सोडून देतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

मोटर वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. गाडी कधी आणली त्याचा पुरावा म्हणून टोलच्या पावत्या जपून ठेवा.

सुरुवात जुन्या आरटीओपासून. तिथली एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, त्यासाठी फॉर्म २८, सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर अर्ज करायचा आणि सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. गाडीवर लोन असेल तर बँकेचं पत्र आधी घ्या नाहीतर पुढे काहीच हलत नाही, आणि जुने ई-चलन सगळे भरून टाका. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट पण मागतात, म्हणजे नंबर कोरलेल्या पट्टीवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायची की आकडे कागदावर उमटतात. हा नंबर बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या सीटखालच्या कार्पेटखाली असतो, आधी ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्या, दोन-तीन प्रिंट जास्तीच्या काढून ठेवा, माझी पहिली प्रिंट पुसट आली म्हणून अख्खी चक्कर वाया गेली होती.

एनओसी हातात आली की नवीन आरटीओत फॉर्म २७, पत्त्याचा पुरावा, टॅक्स आणि गाडीची तपासणी. टॅक्स गाडीचं वय धरून लागतो, त्यामुळे नव्या गाडीइतका बसत नाही. मग नवीन नंबर, नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, आणि लगेच इन्शुरन्स कंपनी आणि फास्टॅगवाल्यांना नंबर बदलल्याचं कळवा, हे राहिलं तर क्लेमच्या वेळी डोक्याला ताप होतो.

आता रिफंड. नवीन आरसी, एनओसी, जुनी टॅक्स पावती आणि बँक खात्याचा तपशील जोडून जुन्या आरटीओत अर्ज करा. सगळ्याची झेरॉक्स ठेवा, अर्जाची पोच सही-शिक्क्यासकट घ्या आणि पाठपुरावा सोडू नका, वेळ लागतो.

नोकरीत सारखी बदली होत असेल तर बीएच, म्हणजे भारत सिरीजचा नंबर बघा, २०२१ पासून मिळतो. सरकारी कर्मचारी, सैन्यातले, आणि ज्यांच्या खासगी कंपनीची ऑफिसं ४ किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांना घेता येतो. टॅक्स २-२ वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच.