जुन्या स्पोर्ट्स कारचे ओरिजिनल अलॉय व्हील भंगारात देऊ नका!

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात काकांच्या ओट्याखाली 4 जुने अलॉय धूळ खात पडलेले, काकू म्हणे भंगारवाल्याला देऊन टाक, मी उलटून बघितलं तर मिनीलाइट, म्हणजे जुन्या ब्रिटिश ब्रँडची व्हील! अरे, 60च्या दशकात रॅलीच्या मिनी कूपर ह्याच व्हीलवर पळायच्या, त्या जाड 8 स्पोकमुळे गाडीला जो रुबाब येतो तो आजच्या 17 इंची चकचकीत व्हीलने येत नाही, उलट गाडी सोंग घेतल्यासारखी दिसते.

आता टीप. जुने मिनीलाइट मॅग्नेशियमचे असायचे, नंतरचे बरेचसे अॅल्युमिनियमचे. आतल्या बाजूला रंग थोडा खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाका, फसफसून बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, मग लगेच पाण्याने धुवून पुसा. पण मॅग्नेशियम आतून सडतं, बारीक चिरा डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून क्रॅक टेस्ट केल्याशिवाय रस्त्यावर आणू नका, शोकेसला ठेवा हवं तर.

आणि पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मोजाच, मिनीचं 101.6, हेरल्ड गाडीचं 95.25 मिमी, जुळलं नाही तर व्हील बसत नाही. "थोडं ठोकून बसवतो साहेब" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. नटही त्याच व्हीलचे घ्या, स्टील व्हीलचे नट चालत नाहीत.