गाव पालिकेत आलं, रस्ता आलाच असं नाही

प्लॅनिंगची पदवी घेऊन पुण्यात कन्सल्टंटकडे लागले तेव्हा ७४वी घटनादुरुस्ती, महानगर नियोजन समिती, १९६६चा एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, सगळं तोंडपाठ होतं. पहिल्याच पावसाळ्यात एका मोरीने माझी विकेट काढली.

काम किरकोळ होतं. नव्याने पालिकेत आलेल्या एका गावात रस्त्याखालची, पाणी वाहून नेणारी मोरी रुंद करायची, त्याआधी एनओसी म्हणजे ना-हरकत पत्रं गोळा करायची. मी जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशावर, हद्द पाहिली, गाव आत दिसलं, पत्रं पालिकेला धाडली. तीन आठवड्यांनी पत्र परत. समासात पेन्सिलीने एक ओळ : ‘रस्ता हस्तांतरित नाही.’ तोवर पाऊस सुरू झाला होता आणि मोरीशेजारच्या दुकानात गुडघाभर पाणी.

हे नीट समजून घ्या, कारण इथे सगळेच पडतात. हद्द एकाची, मालकी दुसऱ्याची, देखभाल तिसऱ्याची असू शकते, आणि बांधकाम परवानगी चौथ्याकडे. २०२१मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली, पण त्यांचं विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नेमलं. म्हणजे तेव्हा गाव पालिकेत आणि बांधकामाचे नकाशे मंजूर करणारे दुसरेच. रस्त्याचं आणखी वेगळं. तो प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा. हद्दवाढीची अधिसूचना निघाली म्हणून तो आपोआप पालिकेच्या दप्तरी चढला असं धरू नका. हस्तांतरणाचा कागद हातात घेऊन बघा. हिंजवडीत जाऊन पाहा : आयटी पार्क एमआयडीसीचा, भोवती ग्रामपंचायती, मेट्रोची तिसरी मार्गिका पीएमआरडीएची, विजेच्या तारा महावितरणच्या. पाणी मात्र उतार बघून जातं.

म्हणून ‘हे कोणाच्या हद्दीत?’ विचारू नका. ‘शेवटचं बिल कोणी दिलं?’ विचारा. मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, कोणाच्या कपाटात आहे ते शोधा. डांबरीकरण नवीन असेल तर दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) संपलाय का, तेही बघा. नसेल संपला तर खोदाईची परवानगी मिळवताना दमछाक होईल.

संगणकी नकाशाच्या रंगीत लेयरवर विसंबलात तर तोंडावर आपटाल. समन्वय बैठकीच्या इतिवृत्तावरही विसंबू नका. ‘सर्व संबंधितांनी कार्यवाही करावी’ म्हणजे कोणीच करणार नाही. व्हॉट्सॲपवर आलेला अंगठा ही एनओसी नव्हे. (हे मी दोनदा शिकले.)

घाबरू मात्र नका. पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं, आणि कार्यालयांतली ही माणसं मुद्दाम अडवत नसतात. दुसऱ्याच्या रस्त्यावर पैसा टाकला तर उद्या लेखापरीक्षणात त्यांचीच मान अडकते. गुरू शोधायचा तर स्लाइडवाल्या साहेबांमध्ये शोधू नका, असं माझं स्पष्ट मत. मला तारलं ते एका निवृत्तीला आलेल्या अनुरेखकाने, म्हणजे नकाशे उतरवून काढणाऱ्या कर्मचाऱ्याने. चहा अर्धा टाकून ते उठले, बस्त्यातून पिवळी पडलेली फाइल काढली आणि म्हणाले, “बाई, ही मोरी जिल्हा परिषदेची. पत्ता बदला, मजकूर राहू दे.”

बदलला. सही यायला दिवाळी उजाडली.