ऑडिशनला निघालात? वीगन असा नाहीतर मटणवाले, आधी हे वाचा

रिअ‍ॅलिटी शोच्या फॉर्मवर ‘तुम्हाला कशाचा राग येतो?’ असा एक रकाना असतो. तो सगळ्यांत सांभाळून भरा. छंद, शिक्षण, उंची हे कास्टिंगवाले सावकाश बघतात. पण रागाच्या रकान्यात ‘मांस खाणारे’ असं लिहिलंत की तुमची खुर्ची ठरली, आणि तुमच्यासमोर बसवायला नळी फोडून खाणारा एखादा गडी शोधायचं कामही त्याच संध्याकाळी सुरू झालं.

मी मूळची बेळगावजवळच्या खानापूरची. मुंबईत अंधेरीला अशा शोंचं फुटेज लॉग करायचं काम करायचे. म्हणजे हेडफोन लावून कॅमेऱ्यातलं सगळं बघायचं आणि कितव्या मिनिटाला कोण काय बोललं, कोण हसलं, कुणी नाक मुरडलं ते शीटवर उतरवायचं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही कळतात म्हणून मला घेतलं होतं. आता बेळगावात टिळकवाडीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. निपाणी, चिकोडी, बेळगावातली पोरं ऑडिशनचा फोन आला की माझ्याकडे येतात. हल्ली त्यात एखादं येतं आणि हळूच सांगतं, “अक्का, मी दूधबी सोडलंय.” म्हणजे वीगन: मांस, अंडी, दूध, प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारं. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

शोला जोडी लागते, हे आधी डोक्यात घ्या. ब्रिटनमध्ये २००३ साली ‘वाइफ स्वॉप’ सुरू झालं, आपल्याकडे त्याच साच्याचं ‘माँ एक्स्चेंज’ २०११ साली सोनीवर आलं. मूळ साचा असा: दोन टोकांची घरं निवडायची, त्यांच्या बायकांची अदलाबदल करायची, आधी पाहुण्या बाईनं त्या घरचे नियम पाळायचे, मग तिचे नियम त्या घरानं पाळायचे. असा नियम घातल्यावर वीगन बाई फ्रीजमधलं मटण बाहेर काढणार आणि घरची पोरं भोकाड पसरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भांडण नियमातच पेरलेलं असतं. माणसं नंतर आणून बसवतात.

माणसंही ठरलेली. वीगन म्हणजे काटकुळा, इंग्रजी फाडणारा, दुसऱ्याच्या ताटात डोकावून प्रवचन देणारा आणि मध्येच डोळ्यांत पाणी आणणारा. मटणवाला म्हणजे मिशा, गळ्यात चेन, मोठा आवाज आणि हाड चोखतानाचा क्लोजअप. तो चोखण्याचा आवाज कधीकधी वरून चढवलेला असतो, बरं का. शूटिंगला माइक छातीवर असतो, तोंडात नाही.

आता खरं काम इंटरव्ह्यूत असतं. एकट्याला खोलीत बसवून प्रश्न विचारतात. विचारणाऱ्याचा आवाज पुढं काढून टाकायचा असतो, म्हणून सांगतात, “प्रश्न उत्तरातच घेऊन बोला.” प्रश्न असा येतो: “दूध पिणारे क्रूर असतात असं वाटतं का?” तुम्ही भाबडेपणानं म्हणता, “दूध पिणारे क्रूर असतात असं मला वाटत नाही.” झालं. एडिटरला पहिले चार शब्द पुरतात. प्रश्नातला एकही कडू शब्द तोंडात घेऊ नका. “माझी आई रोज दुधाचा चहा पिते, मी कोरा पिते,” एवढं बोला आणि गप्प बसा. ते गप्प बसणं अवघड जातं, कारण समोरचा मुद्दाम काही बोलत नाही, आणि ती शांतता भरून काढायला आपण बडबडतो. पाण्याचा घोट घ्या, पण बोलू नका.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याचा फायदा उचला. ‘मला राग येतो असं नाही’ हे वाक्य कधीच बोलायचं नाही, कारण ते ‘येतो’वर कापता येतं. ‘मला राग येत नाही’ बोला. ‘येत’वर कापलं तर वाक्य अर्धवट लोंबकळतं, वापरता येत नाही. तसंच ‘पण’चं. “मी मटण खात नाही, पण जत्रेत सगळ्यांबरोबर पंगतीला बसते” यातला ‘पण’ म्हणजे कात्री चालवायची खूणच. त्यापेक्षा “जत्रेत सगळ्यांबरोबर पंगतीला बसून मी माझा आमटीभात जेवते” असं एका दमात, मध्ये श्वास न घेता बोला. मटणवाल्यांनाही हेच. ‘वीगन लोक नाटकी असतात असं लोक म्हणतात’ यातलं शेवटचं ‘असं लोक म्हणतात’ टीव्हीवर येणार नाही, लिहून ठेवा.

दुसरी गंमत चेहऱ्याची. लॉगिंग करताना आमच्या शीटवर ‘रिअ‍ॅक्शन, कुठंही चालेल’ असा वेगळा रकाना असायचा. एका मुलीनं सकाळी गार झालेला चहा तोंडात घेऊन तोंड वाकडं केलं होतं. मी ते त्याच रकान्यात लिहिलं. एपिसोडमध्ये तेच तोंड रात्रीच्या जेवणात आलं, समोरच्यानं रश्श्याची वाटी उचलली त्याच्या पुढच्या सेकंदाला. तिला बिचारीला रश्श्याचा वासही आला नव्हता. ह्यावर उपाय साधा आहे: दिवसातून दोन-तीनदा अंगावरचं काहीतरी बदला. ओढणी, केसांचा रबर, कानातलं, पोरांनी शर्टच्या बाह्या. सकाळचा चेहरा रात्रीला जुळेनासा होतो. कंटिन्यूइटीवाले, म्हणजे कपडे-केस आधीच्या शॉटशी जुळतायत का ते बघणारे, कुरकुर करतील, करू द्या. इंटरव्ह्यूला मात्र ते रोज तेच कपडे घालायला लावतात, तिथं इलाज नाही.

घरी बसून बघणाऱ्यांनीही हे हेरावं. बोलणाऱ्याचा चेहरा जाऊन मध्येच दुसऱ्याचा चेहरा दिसायला लागला आणि आवाज तसाच चालू राहिला, तर तिथं दोन वेगळी वाक्यं जोडलेली असण्याची दाट शक्यता. आवाजाची पट्टी बदलते, कान देऊन ऐकलं की कळतं.

आता आपल्याकडचं. फॉर्मवर व्हेज आणि नॉनव्हेज अशा दोन चौकटी असतात, आणि आपल्या भागातली निम्मी घरं त्या दोन्हीत बसत नाहीत. आमच्याच घरी काका माळकरी. काकू मटण करते ते परसातल्या चुलीवर, त्याची भांडी वेगळी, ती मागच्या पडवीतच घासायची. काका सोप्यात हरिपाठ म्हणत बसलेले, आत पोरं रस्सा ओरपतायत, आणि कुणाचं कुणाशी काही बिनसलेलं नाही. सोमवारी सगळेच पाळतात. श्रावणात चूल बंद. शेजारी लिंगायत घर, त्यांच्याकडे अंडंही नाही, तरी आमच्या जत्रेला ते येतात आणि काकू त्यांच्यासाठी गोडाचं वेगळं करते. चिकोडी-अथणीकडे शेती करणारी जैन घरं आहेत, ती तर कांदा-बटाटाही खात नाहीत. आमच्याकडच्या वीगन पोरांना मटणवाल्यांचा त्रास कमीच. खरी पंचाईत शाकाहारी घरांतच होते, दुधावरून. “कुंदा खाणार नाहीस? बेळगावचा आहेस नव्हं?” हा आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईवरचा टोमणा त्यांना खिमा खाणाऱ्यानं नाही, देवपूजा करणाऱ्या मावशीनं मारलेला असतो. उलट भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, झुणका हे सगळं दूध-तुपाशिवायच होतं, त्यात वेगळं काही करावं लागत नाही.

हे सगळं फॉर्मवर आणि ऑडिशनला भरभरून सांगा. ‘माझे वार आहेत, आमच्या घरात माळ आहे, मटणाची चूल मागं आहे.’ जितकं गुंतागुंतीचं सांगाल तितका तुमचा बाहुला करणं अवघड. ह्यामुळे निवड होणार नाही असंही होईल. कास्टिंगवाल्यांना हे ‘कन्फ्युजिंग’ वाटतं. माझं मत विचाराल तर ज्या शोला एवढंही पेलत नाही तिथं जाऊ नये. आणि बेळगावचं नाव ऐकलं की त्यांना दुसरं भांडण आयतंच मिळतं: “कन्नड की मराठी?” जेवणाच्या गप्पांत हे घुसलं की समजा, ताटातलं संपलं, आता सीमाप्रश्न वाढतायत. “दोन्ही बोलते, जेवायला वाढा” म्हणून मोकळ्या व्हा.

सगळेच कार्यक्रम तसे नसतात. अमेरिकेत मॉर्गन स्पर्लॉक यांच्या ‘३० डेज’मध्ये २००८ साली एक शिकारी माणूस वीगन, प्राणिहक्कवाल्या कुटुंबात महिनाभर राहिला. तिथंही वाद झाले, पण महिनाभर राहिल्यावर माणसं एकमेकांकडे नीट बघायला लागतात, ते दिसलं. शूटिंग किती दिवसांचं आहे हे म्हणूनच आधी विचारा.

स्वयंपाकाच्या शोचं थोडं वेगळं. मास्टरशेफ इंडियाचा चौथा सीझन २०१५ साली पूर्ण शाकाहारी होता, त्यावरही वाद झाला. २०२३ च्या सीझनमध्ये मासे करायच्या फेरीत एका जैन स्पर्धकाला माशाऐवजी पनीर मिळालं, आणि इंटरनेटवरची शिवीगाळ तिच्याही वाट्याला आली. तुम्हाला सवलत मिळणार असेल तर ती सगळ्या स्पर्धकांसमोर, कॅमेऱ्यावर, पहिल्याच दिवशी जाहीर करायला सांगा.

करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. तुमचं चित्रण हवं तसं कापायचा हक्क त्यांनी त्यात घेतलेला असणारच, तो हटणार नाही. ठरवून घेता येतं ते जेवणाचं: काय खाणार नाही ते यादी करून कराराला जोडा. ‘व्हेज’ लिहून भागत नाही, पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध, दूध पावडर, तूप सगळं चालतं. वीगन पदार्थांचे वेगळे नियम एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२ मध्ये आणले, त्याची हिरव्या व्ही अक्षराची खूण वेगळी असते. प्रॉडक्शनला त्या खुणेचा फोटो काढून पाठवा.

आणि सेटवर पोचलात की डायरेक्टरच्या आधी स्पॉटदादांना भेटा. चहा आणि जेवण तेच आणतात. “दादा, माझा कोरा, साखर थोडी जास्त,” एवढं सांगून ठेवा. शेंगदाण्याची चटणी घरून न्या, आणि डबा उघडलात की एक चमचा त्यांच्या ताटातही घाला.