लग्नाची फुलं: आधी मुहूर्त, मग महिना, मग पैसा

वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात आधी मुहूर्ताची वेळ लिहा. फुलांची नावं, रंग, स्टेजचे फोटो हे सगळं नंतर. गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पुण्यात झालं आणि फुलांचं खातं घरच्यांनी माझ्याकडे दिलं. मर्यादा २५ हजारांची होती आणि पहिल्याच डेकोरेटरनं ८० हजार सांगितले. पुढच्या दीड महिन्यात जे कळलं ते या यादीत आहे. त्यात सगळ्यात मोलाचं हे, की फुलाचं आयुष्य तासांत मोजायचं असतं. सकाळी ११ चा मुहूर्त असेल तर पहाटे बाजारातून आलेलं फूल अक्षता पडेपर्यंत टवटवीत राहतं. गोरज मुहूर्त असेल तर त्याच फुलाला बारा-तेरा तास काढायचे असतात, आणि उन्हाळ्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा हार तोवर कडेनं काळा पडतो. म्हणून गोरजाचे हार दुपारी बांधून घ्या, किंवा निशिगंधाचे सांगा. निशिगंध आणि मोगरा संध्याकाळी उमलतात, त्यांचा वास तेव्हाच खुलतो. पहाटे मिटलेल्या कळ्या घेतल्या तर तुमचं काम त्याच करून टाकतात.

त्याखाली महिना आणि वार. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि फुलांना मागणी येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीची पूजा मांडतात, त्यामुळे बुधवारपासूनच शेवंती, वेण्या आणि झेंडू महागतात. तारीख हातात असेल तर तो वार टाळा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मावळातले पॉलिहाऊसचे गुलाब व्हॅलेंटाइनच्या बाजाराकडे जातात, तेव्हा लाल गुलाबावर हट्ट धरू नका. मार्गशीर्ष-पौषात शेवंती भरपूर असते आणि मोगरा डोळ्यांत पाणी आणतो. वैशाखात बरोबर उलटं होतं. आमच्या बहिणीला पांढरी शेवंती हवी होती. मी तिला बाजारात नेलं, उन्हानं मलूल झालेली शेवंती दाखवली, शेजारच्या गाळ्यावरचा मोगरा तिच्या ओंजळीत ठेवला, आणि विषय तिथेच संपला. कोकणात लग्न असेल तर फाल्गुन-चैत्रात सुरंगीचे वळेसर, म्हणजे तिकडचे गजरे, मिळतात का ते बघा. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे अबोली आहेच. तिला वास नाही, पण ती हलकी असते आणि केसांत दिवसभर तशीच टिकते. पुण्या-मुंबईच्या कॅटलॉगमधलं फूल तिकडे मागवण्यात काही अर्थ नाही.

आता खरी यादी. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे अंगावर, हातात आणि देवासमोर असणारी फुलं; उजवीकडे लांबून दिसणारी. डावीकडे येतात नवरा-नवरीचे दोन हार, नवरीची वेणी, गजरे, देवकाची आणि गौरीहराच्या पूजेची सुटी फुलं, सीमांतपूजनाचे हार, व्याह्यांना आणि विहीणबाईंना द्यायचं काही असेल ते, गुरुजींच्या ताटातली फुलं. मुंडावळ्या फुलांच्या हव्यात की मोत्यांच्या हेही इथेच लिहा. फुलांच्या हव्या असतील तर त्या हारवाल्यालाच सांगायच्या, आयत्या वेळी कुणी करून देत नाही. उजवीकडे येतात स्टेज, प्रवेशद्वार, जिन्याचे कठडे, फोटोची चौकट, गाडी, जेवणाच्या टेबलावरचे गुच्छ. डावीकडचा खर्च कमी करू नका. बचत सगळी उजवीकडून करा. माझं हे मत लग्नानंतर आणखी पक्कं झालं. बहिणीच्या लग्नातलं आज आठवतं ते हार घालताना आलेला निशिगंधाचा वास आणि आईच्या केसांतला गजरा. स्टेजच्या मागे काय लावलं होतं ते मला फोटो काढून बघावं लागतं.

उजव्या बाजूला कात्री लावताना माझा क्रम असा होता. टेबलावरचे गुच्छ पूर्ण रद्द, कारण पंगतीत लोक ते बाजूला सरकवून पाण्याचा जग ठेवतात. पाहुण्यांच्या स्वागताला एकेक गुलाब द्यायची पद्धतही रद्द केली. ते गुलाब तासाभरात खुर्च्यांखाली पडलेले मी इतर लग्नांत पाहिलेत आणि दर वेळी वाईट वाटलंय. गाडीला पुढे एक हार आणि दारांना झेंडूच्या दोन छोट्या माळा. स्टेजवर पूर्ण भिंत भरण्याऐवजी साधा कापडी पडदा ठेवला आणि नवरा-नवरी जिथे उभे राहणार तेवढ्याच भागाच्या दोन्ही बाजूंना फुलं लावली. फोटोत तेवढंच येतं.

गजऱ्यांचा आकडा नीट काढा, इथे हमखास घोटाळा होतो. घरच्या बायका, वरपक्षाच्या बायका, आणि त्यावर किमान दहा. आमचे ५५ झाले. कार्यालयात वाढायला आणि भांड्यांना असलेल्या मावशी या आकड्यात धरा. आणि ज्यांचे यजमान गेलेत अशा काकू, आत्या, आज्या यांना वगळून गजऱ्यांचं ताट पुढे नेऊ नका. मी सगळ्यांच्या हातात न विचारता गजरा ठेवला. आमची आजी म्हणाली, ‘मला कशाला गं आता.’ मी ऐकलं नाही. पंगतीत बसली तेव्हा तिनं तो अंबाड्यात खोवलेला होता. पैसे कमी पडत असतील तर स्टेजची एक कमान कमी करा, गजरा कुणाचाही चुकवू नका.

कार्यालय ठरवतानाच, आगाऊ रक्कम देण्याआधी, चार गोष्टी विचारून वहीत लिहा: बाहेरचा डेकोरेटर चालतो का, चालत असेल तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, हॉल आदल्या रात्री किती वाजता ताब्यात मिळतो, आणि भिंतीला किंवा खांबाला काही बांधू देतात का. अनेक ठिकाणी ठरलेलाच डेकोरेटर घ्यावा लागतो आणि हे पैसे भरल्यावर कळतं. त्याच दिवशी दुसऱ्या वेळेला तिथे कुणाचं कार्य आहे का, हेही विचारा. असेल तर त्या घराशी बोलून प्रवेशद्वाराची सजावट दोघांत करता येते. आम्हाला तसं कुणी मिळालं नाही, पण आमच्या मावसबहिणीच्या वेळी हे जमलं होतं आणि दारावरचा खर्च अर्धा झाला.

डेकोरेटरकडून एकरकमी आकडा घेऊ नका. फुलं किती, मजुरी किती, चौकट आणि कापड भाड्याचं किती, गाडीभाडं किती, असं वेगवेगळं मागा. आमच्या ८० हजारांत फुलं निम्म्यालाही नव्हती. बाकी लोखंडी कमान, दिवे, माणसं आणि रात्रीचं काम. माणसांच्या मजुरीत घासाघीस करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. रात्रभर जागून ते काम करतात. कमी करायचं ते कामच कमी करायचं. गुच्छ खोचायला वापरतात तो हिरवा स्पंज घेऊच नका, तो प्लास्टिकचा प्रकार आहे, मातीत कुजत नाही. प्लास्टिकची फुलंही मी नाकारली. भाड्यानं स्वस्त पडतात हे खरं, पण सोरतापवाडी, यवत, पुरंदर या आपल्या आसपासच्या भागांत फुलशेतीवर घरं चालतात, आणि लग्न हा त्यांच्या वर्षाचा हंगाम असतो. थोडी कमी लावू, पण खरी लावू, असं आम्ही ठरवलं.

लग्नाच्या दोन आठवडे आधी, शक्यतो त्याच वारी, पहाटे बाजारात नुसतं बघायला जा. पुण्यात गुलटेकडीचं मार्केट यार्ड, मुंबईत दादर स्टेशनच्या पश्चिमेचा फूलबाजार. तिथली मापं पाठ करून घ्या. झेंडू, शेवंती, सुटी गुलछडी आणि मोगरा किलोवर. डच गुलाब २० फुलांच्या गड्डीत, जर्बेरा बहुधा १० च्या. अ‍ॅस्टर जुडीवर मिळतो, सुटाही मिळतो. गुलछडी आणि निशिगंध एकच. सुटी फुलं हाराला आणि काडी फुलदाणीला, भाव वेगळे. हे माहीत असलं की आडत्याशी बोलताना समोरचा माणूस तुम्हाला नवखं समजत नाही. भाव रोज बदलतो, म्हणून आज ऐकलेल्या भावावर हिशेब बांधू नका; तिसरा हिस्सा वर धरा.

आणि एक किलो झेंडू घरी आणून ओवून बघा. याला पर्याय नाही. मी चिकटून ओवला तर जेमतेम १० फूट माळ झाली, प्रत्येक फुलानंतर आंब्याचं पान घातलं तर १६ फूट. मोजपट्टी घेऊन कार्यालयाचं दार मोजलं होतं, दोन्ही बाजू आणि वरची कमान मिळून ६० फूट. म्हणजे चार किलो, आणि दबलेली फुलं टाकावी लागतात म्हणून पाच. डेकोरेटर त्याच दाराला १२ किलो म्हणत होता. आंब्याचे डहाळे, अशोकाची पानं, नारळाच्या झावळ्या, केळीचे दोन खुंट, एवढ्यात दार भरून दिसतं आणि मांडवाला शोभतंही. डहाळे गावाकडून येणार असतील तर आदल्या दिवशी दुपारी तोडलेले हवेत, ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेले.

हारांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण चूक तिथेच झाली. साखरपुड्याचे हार आम्ही फोटो दाखवून सांगितले होते. आले ते चमकीच्या पट्ट्या आणि थर्माकोलचे मणी लावलेले, वर रंग फवारलेले. इतके जड, की बहिणीच्या शालूवर ओलसर निळा डाग पडला आणि मान अवघडली ती वेगळी. म्हणून लग्नाच्या हाराला कागदावर लिहून दिलं: फक्त निशिगंध, मध्ये देशी गुलाब, खाली साधा गोंडा, रंग-चमकी काही नाही. लांबी दोघांच्या उंचीनुसार सांगा, खांद्यावरून कमरेच्या थोडं खाली. नवरा उंच असेल तर त्याचा हार लांब लागतो, जोडी एकाच मापाची नसते. नमुन्याचा एक छोटा हार आधी करून घ्या, त्याचे पैसे द्या आणि देवाला घाला.

आदल्या संध्याकाळची कामं वेगळ्या पानावर. काड्यांच्या फुलांची खालची पानं काढा, देठ तिरका कापा, बादलीत गार पाण्यात उभी करा, पंख्याखाली नको. झेंडूवर पाणी मारू नका, ओला झेंडू ढिगात तापतो आणि सकाळी काळा निघतो. सुपात किंवा जमिनीवर कापड घालून पसरा. गजरे केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजमध्ये. त्या फ्रिजमधले आंबे आणि केळी आधी बाहेर काढा, कारण पिकत्या फळांतून जो वायू सुटतो त्यानं फुलं लवकर उतरतात. माळा ओवायला सहा माणसं सांगा म्हणजे चार येतील. सुया मोठ्या नाक्याच्या, दोरा जाड सुती. हळदीच्या दिवशीचे झेंडू त्याच संध्याकाळी वेचून ठेवले तर पाकळ्या दुसऱ्या दिवशी चालतात. मंगलाष्टकांना पाहुण्यांच्या हाती आम्ही त्या पाकळ्याच दिल्या आणि तांदूळ फक्त गुरुजींच्या आणि घरच्यांच्या हाती ठेवले. पायदळी तांदूळ गेले नाहीत याचं आईला फार समाधान वाटलं.

लग्नाच्या दिवशी फुलांसाठी एकच माणूस नेमा, आणि तो नवरीचा सख्खा भाऊ नको, त्याला शंभर हाका असतात. आमच्याकडे चुलतभाऊ होता. त्याच्याजवळ पिशवीत सुई-दोरा, कात्री, सेफ्टी पिना, सुटा निशिगंध पावशेर आणि ओलं फडकं. हार तुटला तर तिथल्या तिथे ओवता येतो. एक सुटला होता, गोंड्याजवळ, आणि अंतरपाट धरेपर्यंत नीट झाला.

कार्य उरकल्यावर माळांमधला दोरा आणि पिना काढून फुलं वेगळ्या पोत्यात भरायची, ती सोसायटीच्या खतात जातात. नदीत नाही. हे कुणी करायचं ते आधी नाव घालून ठरवा. आणि हारवाल्याची, डहाळे आणणाऱ्याची, माळा ओवायला आलेल्या बायकांची उरलेली रक्कम प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात आदल्या रात्रीच भरून त्या चुलतभावाच्या खिशात द्या. पाठवणीच्या वेळी घरच्यांपैकी कुणालाच हे आठवत नाही, आणि ती माणसं दाराशी थांबलेली असतात.