सीनियर डेव्हलपर ते आर्किटेक्ट

आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरची एकूण रचना ठरवणारा माणूस, होण्यासाठी कोणते सर्टिफिकेशन करावे, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत सात-आठ वर्षे काढलेले डेव्हलपर नेहमी विचारतात. टोगाफ या आर्किटेक्चरच्या प्रमाणित पद्धतीची किंवा एखाद्या क्लाउड कंपनीची परीक्षा दिल्याने या क्षेत्राची परिभाषा कळते, आणि क्लायंटच्या निविदेत तशी अट असेल तर कंपनीलाही प्रमाणपत्राचा उपयोग होतो. त्यामुळे परीक्षा जरूर द्यावी. मात्र जे निर्णय मागाहून बदलणे महाग पडते ते घेणे आणि त्यांचे परिणाम निस्तरायला हजर राहणे हे आर्किटेक्टचे मुख्य काम आहे, आणि त्याचा सराव पद मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू करता येतो.

सुरुवात हाताखालच्या सिस्टीमपासून करावी. एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आठवड्याभरात बदलता येते. पण ग्राहकाचा ओळख क्रमांक कोणत्या स्वरूपात ठेवला, डेटा किती डेटाबेसमध्ये विभागला, बाहेरच्या कंपन्यांना कोणता एपीआय (त्यांच्या प्रोग्रामना आपल्या सिस्टीमशी बोलण्याचा मार्ग) उघडून दिला, हे निर्णय वर्षानुवर्षे मानेवर बसून राहतात. असे चार-पाच निर्णय शोधावेत आणि ते कोणी, कधी व कोणत्या अडचणीत घेतले याचा माग काढावा. बहुतेक वेळा उत्तर देऊ शकणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो आणि कागद कुठेच सापडत नाही. ही उणीव भरून काढणे हे नव्या माणसाने अंगावर घेण्याजोगे पहिले काम आहे.

त्यासाठी मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली ‘आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड’ची पद्धत पुरेशी आहे. परिस्थिती काय होती, निर्णय काय झाला, तो सध्या लागू आहे का आणि त्याचे बरेवाईट परिणाम कोणते, एवढे एक-दोन पानांत लिहून ती फाइल कोडसोबतच ठेवायची. निर्णय बदलला तर जुनी नोंद पुसायची नाही, तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा मारून नवी लिहायची. यात नाकारलेले पर्याय आणि ते नाकारण्याची कारणेही लिहावीत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दोन वर्षांनी येणारा प्रत्येक नवा सहकारी नेमका तोच नाकारलेला पर्याय घेऊन येतो.

दुसरी सवय आकड्यांची. सिस्टीम कायम चालू राहिली पाहिजे, असे क्लायंट म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय हवे आहे हे विचारावे लागते. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम त्रेपन्न मिनिटे, आणि या दोहोंच्या खर्चात मोठी तफावत असते. शिवाय एकमेकींवर अवलंबून असलेल्या पाच सेवा स्वतंत्रपणे ९९.९ टक्के चालत असतील, तर सगळ्यांची मिळून उपलब्धता ९९.५ टक्क्यांवर येते आणि वर्षाकाठी सुमारे ४४ तास हातचे जातात. अंतराचेही तसेच आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबईपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया सुमारे १३ हजार किलोमीटर आहे. म्हणजे केबल सरळ रेषेत टाकली तरी जाण्या-येण्याच्या एका फेरीला १३० मिलिसेकंद लागणारच. पुण्यातून उघडलेले पान तिथल्या सर्व्हरला एकामागून एक दहा विनंत्या पाठवत असेल, तर कोड कितीही घोटीव केला तरी वापरणाऱ्याला सव्वा सेकंद थांबावेच लागेल.

हिशेबातून रचना कशी ठरते हे पाहण्यासाठी दहावीच्या निकालाचे उदाहरण घेऊ. राज्य मंडळाच्या या परीक्षेला पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. प्रत्येक निकाल पहिल्या तासात सरासरी तीनदा उघडला जाईल असे धरले, तर ४५ लाख विनंत्या, म्हणजे सेकंदाला १,२५०, येतील. पण घरोघरी सगळे घड्याळाकडे डोळे लावून बसलेले असताना त्या तासभर समान पसरत नाहीत. एक तृतीयांश विनंत्या पहिल्या पाच मिनिटांतच आल्या तर हा वेग सेकंदाला ५,००० होतो, आणि पान उघडले नाही की जो तो पुन्हा बटण दाबतो ते वेगळेच. इथे अनुभवी डेव्हलपरच्या मनात इंडेक्स, अधिक सर्व्हर, अधिक मोठा डेटाबेस असे उपाय येतात. आर्किटेक्टने आधी विचारावे, की निकाल जाहीर झाल्यापासून गुणपडताळणी होईपर्यंत हा डेटा बदलतो का? बदलत नसेल तर प्रत्येक विद्यार्थ्याची गुणपत्रिका आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येईल. प्रत्येकी पाच किलोबाइट धरले तर सगळ्या मिळून साडेसात गिगाबाइट होतात, जे साध्या पेनड्राइव्हवर मावते. या फाइली सीडीएनवर, म्हणजे वापरणाऱ्यांच्या जवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्या जाळ्यावर, ठेवल्या की त्या पाच मिनिटांत डेटाबेसला हात लावावा लागत नाही.

प्रश्न मात्र एवढ्यावर मिटत नाहीत. जाहीर वेळेआधी फाइल कोणाच्या हाती लागता कामा नये. बैठक क्रमांक ओळीने असतात, त्यामुळे कोणीही एकेक आकडा वाढवत सगळा निकाल उपसू शकेल. निकालासाठी आईचे नावही विचारले जाते, तेव्हा ही दोन्ही उत्तरे आणि सर्व्हरवरची एक गुप्त किल्ली यांपासून फाइलचे नाव तयार करावे. असे नाव तयार करणाऱ्या लहानशा सेवेला डेटाबेस लागत नाही. तरीही एकाच ठिकाणाहून होणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा घालावी, कारण नावे अंदाजाने ओळखता येतात. पडताळणीनंतर गुण बदलले तर तेवढ्याच फाइली बदलाव्यात आणि त्या वेळी जुन्या प्रती सीडीएनवरून काढून टाकाव्यात. हे सगळे एका पानात लिहून काढणे हा उत्तम गृहपाठ आहे. त्यानंतर हाच हिशेब आपल्या प्रकल्पाला लावावा.

तुटलेल्या सिस्टीमची वर्णने वाचण्याची गोडीही लावून घ्यावी. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीने आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढवला आणि एक राहून गेला. वापरातून गेलेल्या कोडचा जुना फ्लॅग (तो कोड चालू-बंद करणारी खूण) नव्या कामासाठी वापरल्यामुळे त्या एका सर्व्हरवर मृत समजला जाणारा कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. रचनेच्या चित्रात चौकोन आणि बाण असतात, पण नवा कोड चढवण्याची आणि मागे घेण्याची रीत क्वचितच असते. ती असायला हवी.

सर्व्हिस कंपन्यांतील मंडळींची अडचण वेगळी आहे. दीड-दोन वर्षांत प्रकल्प बदलतो, गो-लाइव्हचा, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष वापरात आल्याचा, केक कापून लोक पुढच्या क्लायंटकडे जातात, आणि आपला निर्णय तिसऱ्या वर्षी कसा वागला हे कळतच नाही. यावर एकच उपाय दिसतो: गो-लाइव्हनंतर किमान वर्षभर सपोर्टच्या टीमसोबत राहण्याची मागणी करावी आणि सिस्टीम बिघडल्यावर होणाऱ्या रात्रीच्या इन्सिडंट कॉलला बसावे. आपल्याकडे सपोर्टला कमी लेखतात, त्यामुळे एखादी बढती पुढे जाऊ शकते, हे गृहीत धरूनच हा रस्ता निवडावा.

नियमांची परिपत्रके मुळातून वाचावीत. पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याविषयीचे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक किंवा सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा आदेश यांमुळे सर्व्हर कुठे असावेत आणि लॉग कसे ठेवावेत हे आधीच ठरून जाते. तसेच संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले, की संस्थेतील माणसांचा आपापसात जसा संवाद असतो तशीच तिची सिस्टीम घडते. तीन टीम एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या सेवाही नीट बोलणार नाहीत. म्हणून व्यवस्थापकाशी खर्चाच्या भाषेत आणि टेस्टरशी उदाहरणाच्या भाषेत बोलायला शिकावे. कोड मात्र सोडू नये. निदान रिव्ह्यू आणि छोटे प्रोटोटाइप स्वतः करावेत.

पुढच्या मूल्यमापनाच्या वेळी पदनाम मागण्याऐवजी सिस्टीमचे एखादे स्थलांतर किंवा एखादा मोड्यूल पूर्णपणे आपल्याकडे मागावा आणि सोबत लिहिलेल्या दोन-तीन निर्णय-नोंदी ठेवाव्यात. रचनेवर अंतिम सही कोणाची असेल आणि गो-लाइव्हनंतर किती काळ ती जबाबदारी आपल्याकडे राहील, या दोन गोष्टी त्याच बैठकीत विचारून ईमेलने लेखी घ्याव्यात.